शिडात वारा भरा, पेट्रोल नको

प्रति,
मराठा आरमारावर व्हिडिओ गेम करू पाहणारे सर्व प्रोग्रॅमर, चित्रकार आणि गोष्ट रचणारी मंडळी,
पुणे, मुंबई आणि जिथे कुठे असाल तिथे.

विषय : जहाजाला खरा वारा मिळण्याबाबत.

स.न.वि.वि.

मी लातूरचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेच हे लातूर. ‘घागरभर पाण्याची पंचाईत आणि गप्पा जहाजाच्या’ असं कुणी म्हणणार असेल तर म्हणू द्या. माझी तक्रार पाण्याबद्दल नाहीच. गेममधलं पाणी आता दृष्ट लागावी असं झालंय. लाटेवरचा फेस, उन्हाची तिरीप, तळाशी दिसणारी वाळू, सगळं जागच्या जागी. तक्रार वाऱ्याबद्दल आहे, आणि वारा काही एकट्या कोकणाच्या सातबाऱ्यावर नाही.

दिवसा कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि रात्री जेवणं झाली की गेम खेळतो. शिडाचं जहाज असलेला गेम दिसला की सोडत नाही. तुमच्यातले बरेच जण शिवकालीन किंवा आंग्रेकालीन आरमाराचा गेम करायच्या खटपटीत आहेत हे कळल्यापासून आनंदही आहे आणि धाकधूकही. आजवर आपण दुसऱ्यांच्या गेममध्ये पाहुणे होतो. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठे खेळायला घेता येतात, समुद्रावरच्या लढाईत वाऱ्याची दिशाही दाखवतात, पण आपल्या किनाऱ्याच्या खाडीखाचरांचा तो गेम नव्हे. तो तुम्ही करणार असाल तर एकच मागणं आहे. वाऱ्याला वेगाचं बटण करू नका. मराठा आरमाराची गोष्ट वाऱ्यावाचून सांगताच येत नाही. वारा काढून घेतला तर उरतात त्या तोफा लावलेल्या मोटारबोटी.

आधी एक साधी खूण सांगतो, तुमच्या चित्रकारांसाठी. शिडं टम्म फुगलीयत, म्हणजे वारा मागून. जहाज पुढे धावतंय. आणि डोलकाठीवरचा भगवा मात्र मागच्या बाजूला फडफडतोय, असं चित्र आपण शंभरदा बघतो. वारा मागून असेल तर झेंडा नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, फडकेल. जहाजाचा वेग वाऱ्याच्या वेगाजवळ गेला तर तो मरगळून खाली लोंबेल. झेंडा मागे फडकवायचाच असेल तर वारा पुढून किंवा बाजूनं घ्या आणि शिडं त्याप्रमाणे तिरकी काढा. एवढ्यानं निम्मं काम होतं, कारण खेळणाऱ्याची नजर झेंड्यावर गेली की त्याला वारा वाचायची सवय लागते.

आता नावाजलेल्या गेमकडे. ‘असॅसिन्स क्रीड ४ : ब्लॅक फ्लॅग’ (२०१३) मी मनसोक्त खेळलोय. खलाशांची गाणी, वादळातल्या पाण्याच्या भिंती, तोफांची सरबत्ती, सगळं झकास. पण नाळ थेट वाऱ्याच्या तोंडाला धरा, ‘जॅकडॉ’ जहाज तरी धावतंच राहतं. शिडं तिथे गिअरचं काम करतात : अर्धी, पूर्ण, आणि त्याहून जास्त पूर्ण. ‘सी ऑफ थीव्ह्ज’ (२०१८) त्या मानानं पुष्कळ बरा. वाऱ्याच्या पांढऱ्या रेघा आभाळात दिसतात, शीड वळवून वारा धरावा लागतो, आणि जहाजांचे स्वभावही वेगळे ठेवलेत. लहानगी स्लूप वाऱ्याविरुद्ध सरस, तीन डोलकाठ्यांचं गॅलियन वारा मागून असताना सुसाट. कुणीतरी डोकं लावून केलेलं काम आहे हे. तरीसुद्धा वारा अगदी समोरून आला तर तिथली जहाजं फक्त मंदावतात. थांबत नाहीत, मागे रेटली जात नाहीत, शीड उलटं फुगून डोलकाठीला चिकटत नाही.

आणि सगळी गंमत तर तिथेच आहे.

शीड वारा अडवतं आणि जहाज पळतं, हा समज अर्धाच खरा. वारा मागून असतो तेव्हा ते खरंच अडवणं असतं. बाजूनं वारा आला की शीड पंखासारखं वागतं. कापडाच्या बाकावरून हवेचा प्रवाह वळतो आणि वळवलेल्या हवेची प्रतिक्रिया जहाजाला मिळते. ही ओढ बरीचशी आडवी आणि थोडी पुढची असते. आडव्या ओढीला पाण्याखालचा तळ आणि कणा विरोध करतो, पुढची ओढ शिल्लक राहते. याच जोरावर जहाज वाऱ्याच्या दिशेला तिरकं चढतं. थेट तोंडावर गेलं की शीड नुसतं फडफडतं. म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, त्याच्या दोन्ही अंगांना मिळून, एक मोठी पाचर जहाजाला कायमची बंद. आजची बऱ्यापैकी होडी वाऱ्याच्या साधारण ४५ अंशांपर्यंत चढते. जुनी चौकोनी शिडांची जहाजं होकायंत्राचे सहा भाग, म्हणजे साडेसदुसष्ट अंश, याच्या फारशी आत येत नसत. (होकायंत्राचे ३२ भाग, एक भाग सव्वाअकरा अंशांचा.)

आकडे मांडतो, सवयच आहे. एक ठाणं तुमच्यापासून १० सागरी मैलांवर आहे आणि वारा नेमका तिकडून येतोय. ४५ अंशांवर चढणारी होडी डावी-उजवी वळणं घेत तिथवर जाईल तर तिला १४ मैल कापावे लागतील. त्रिकोणी शिडाची जुनी होडी आडवी वाहत जाते, ते धरून ६० अंश मोजू. तिला २० मैल. चौकोनी शिडाचं जहाज साडेसदुसष्टवर चढलं आणि वर १० अंश आडवं सरकत राहिलं, तर ४६ मैल! त्यानं ५ नॉटचा, म्हणजे ताशी ५ सागरी मैलांचा, वेग राखला तरी नऊ तासांच्या वर गेले. आणि वल्ह्यांची होडी? ती सरळ जाते. १० म्हणजे १०.

आता आपल्या होड्यांची अठराव्या शतकात इंग्रजांनी केलेली वर्णनं घ्या. गलबत म्हणजे सहसा सत्तर टनांच्या आतली, दोन डोलकाठ्यांची, चाळीस-पन्नास वल्ह्यांची होडी. नुसत्या वल्ह्यांवर ताशी चार मैल. म्हणजे आपलं ठाणं तीन तासांत. वल्हेकरी दमतील, घामाघूम होतील, पोचल्यावर लढायला त्यांच्या अंगात किती त्राण उरेल हा प्रश्न आहेच. तो प्रश्नच खेळणाऱ्याला सोडवू द्या. तीन तास आणि दमलेली माणसं, की नऊ तास आणि ताजी माणसं? कुठल्याही तोफेच्या आवाजापेक्षा हा निर्णय मला जास्त वेळ जागं ठेवेल.

गुराब त्याहून मोठी. दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास. उथळ तळ, पुढे निमुळती होत जाणारी नाळ, आणि नाळेवर पुढे तोंड केलेल्या तोफा. उथळ तळामुळे खाडीत शिरता येतं; त्याच उथळ तळामुळे बाजूच्या वाऱ्यात जहाज जास्त सरकतं. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं घेतलं. वारा पडला की गलबतं गुराबांना दोर लावून ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून उभी करत. शत्रूचं उंच जहाज तेव्हा वाऱ्याची वाट बघत जागीच खिळलेलं. त्याच्या तोफा दोन्ही कुशींना, पिछाडीला मोजक्या. आपल्या तोफा त्याच्या डोलकाठ्या आणि दोर यांच्यावर. एवढी आयती लढाई इतिहासानं रचून ठेवलीय आणि आपण गेममध्ये दोन जहाजं बाजूला बाजू लावून एकमेकांवर गोळे टाकत ठेवायची? ते कॅरिबियनवाल्यांना शोभतं.

खांदेरीचं उदाहरण तर पाठ्यपुस्तकासारखं आहे. १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडावरच्या त्या बेटावर तटबंदी घालायला घेतली, इंग्रजांनी गलबतं आणून रसद तोडायचा प्रयत्न केला. आपल्या हलक्या होड्या वल्ह्यांवर आणि शिडावर, रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून बेटावर माणसं आणि सामान पोचवत राहिल्या. इंग्रजांची जड जहाजं वारा नसला की हतबल. १८ ऑक्टोबरला भल्या सकाळी मराठ्यांचं आरमार नाळेवरच्या तोफा डागत इतक्या वेगानं आलं की नांगरावरच्या इंग्रज जहाजांना हलायला सवड मिळाली नाही. अर्ध्या तासाच्या आत कंपनीच्या ‘डव्ह’नं निशाण उतरवलं. ‘रिव्हेंज’ मात्र झुंजत निसटलं. गंमत म्हणजे हे ‘डव्ह’सुद्धा गुराबच होतं; या किनाऱ्याला काय चालतं ते साहेबालाही कळलेलं होतं. ही लढाई वारा स्थिर ठेवून खेळवली तर कुणी कुणाला का हरवलं हे खेळणाऱ्याला कधीच कळणार नाही. त्याला वाटेल, आपण जास्त वेळा बटण दाबलं म्हणून जिंकलो.

वाऱ्याच्या जोराबद्दलही बोललं पाहिजे. जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. १० नॉटचा वारा २० चा झाला की शिडावरचा भार दुप्पट नाही, चौपट. बहुतेक गेममध्ये जास्त वारा म्हणजे निव्वळ फायदा असतो. प्रत्यक्षात एका हद्दीनंतर तो जहाजाचा काळ असतो. शीड आखडून घ्यायचं, जहाज एका कुशीवर कलायला लागतं, वाऱ्याआडच्या बाजूच्या खालच्या तोफांची दारं पाण्याला टेकायला लागतात म्हणून बंद करावी लागतात. बघा, एका वाऱ्यानं अर्ध्या तोफा काढून घेतल्या! आणि वेगालाही छप्पर आहे. पाण्यात बसणाऱ्या जहाजाची पाण्याच्या रेषेवरची लांबी ६४ फूट असेल तर ते पावणेअकरा नॉटच्या पुढे सहसा जात नाही, कारण ते स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकतं. तेव्हा गुराबीला आगगाडीचा वेग देऊ नका.

मागून येणारा वारा सगळ्यात चांगला, हाही एक गोड गैरसमज. १२ नॉटचा वारा पाठीशी आहे, जहाज ८ नॉटनं पळतंय. मग शिडाला मिळणारा वारा फक्त ४ चा. बाजूच्या वाऱ्यात असं होत नाही, म्हणून कितीतरी जहाजं वारा बाजूनं किंवा थोडा मागून तिरका घेऊन जास्त पळतात. आमच्या वर्गात सापेक्ष वेगाची गणितं पोरं ताडताड सोडवतात. पाऊस, छत्री, नदी, होडी, उत्तर अमुक अंश. लातूरच्या मुलांना गणित सुटतं हो, पण त्यातला वारा गालाला लागत नाही. तुमचा गेम नीट झाला तर हा बाण हातात धरून कुठे वळवायचा हे त्यांना बोटांनी कळेल. तुम्ही शिक्षण द्यायला बसलेला नाहीत हे मान्य. मी आपलं माझ्या धंद्याचं बोललो.

आणि वारा एकसारखा वाहत नाही. हे सांगायला मला कोकणात जावं लागत नाही. मळणीयंत्रं येण्याआधीची आमची खळी आठवा. रब्बीची ज्वारी मळून पडलीय, जाणता माणूस वावडीवर, म्हणजे त्या उंच तिवईवर, उभा आहे, खालून एक जण पाट्या भरून वर देतोय. वारं सुटलंय असं खाली उभ्या माणसाला वाटतं. वरचा मात्र पाटी कलती करत नाही. तो आधी लिंबाची सळसळ ऐकतो, लांबच्या धुळीकडे बघतो, आणि झोत अंगावर यायच्या क्षणभर आधी हात सैल सोडतो. झोत जोराचा असेल तर धार बारीक, नाहीतर दाणेसुद्धा भुसात जाऊन पडतील. झोत ओसरला की पाटी सरळ. मधेच वाऱ्यानं तोंड फिरवलं तर वावडी उचलून दुसऱ्या अंगाला. वारं पडलं तर सगळे बसून राहणार, तंबाखू मळणार, आभाळाकडे बघणार. तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, शिडाच्या दोराशी हेच करतो. गेममधला वारा मात्र अमुक दिशा, तमुक वेग असा ठोकळा असतो आणि दहा मिनिटांनी टचकन बदलतो. त्याला श्वास द्या. झोत येण्याआधी पाण्यावर गडद सुरकुत्यांचा डाग सरकत येतो, तो दाखवा. ज्यानं तो पाहिला त्यानं दोर आधीच सैल केला. ज्यानं नाही पाहिला त्याचं शीड फाटलं. खेळात कौशल्य म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं?

कोकणाच्या किनाऱ्यावर तर वाऱ्याचं वेळापत्रकच आहे. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे, रात्री उशिरा ते पहाटेपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे. शाळेत सहावी-सातवीला घोकलेलं. गेममध्ये घड्याळ असतंच. त्याला हे जोडा. पहाटे खाडीतून बाहेर पडणं सोपं, दुपारनंतर आत येणं सोपं. ज्याला हे कळलं तो पहाटे निघेल, परक्या जहाजांना गाठेल, दुपारच्या वाऱ्यावर घरी येईल. ज्याला नाही कळलं तो दुपारी बाहेर पडायला बघेल आणि बंदराच्या तोंडाशीच डावं-उजवं करत बसेल.

मोसमाचं तेच. जून ते नारळी पौर्णिमा समुद्र बंद. जहाजं किनाऱ्यावर ओढायची, शाकारायची. हे दोन-अडीच महिने कापून टाकायचा मोह तुम्हाला होईल, टाकू नका. याच काळात लाकूड जमवा, तळाला तेल द्या, नवी गुराब बांधा, माणसं भरा, पैशाची सोय लावा. गडावरचा खेळ आणि दर्यावरचा खेळ यांची सांगड पावसाळ्यानं आपोआप घातलीय. ज्या नैऋत्येच्या वाऱ्यानं तिकडे जहाजं किनाऱ्यावर चढतात, तोच सह्याद्रीवर सगळं पाणी सांडून इकडे आमच्याकडे रिकाम्या हातानं येतो. आमचं आणि कोकणाचं वाऱ्याच्या बाबतीत असं सख्ख्या जावांचं नातं आहे.

मराठवाड्याचा तुमच्या गेमशी संबंध नाही असं समजू नका. धाराशिव जिल्ह्यातलं तेर आणि गोदाकाठचं पैठण ही दोन्ही नावं पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहेत. इथला माल, तेरची मलमल, पैठणचे दगडी मणी करायचे खडे, गाड्यांवर लादून गुजरातेतल्या भडोच बंदराला जाई; पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, असं त्यात लिहिलंय. तिकडून येणारी जहाजं जुलैत इजिप्तहून निघायची, मोसमी वारा पाठीशी घेऊन. परत जायचं ते हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यावर. म्हणजे तेरच्या विणकराचा पैसासुद्धा वाऱ्यावर अडकलेला असायचा. आणि अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात तर चक्क जहाज रंगवलंय : तीन डोलकाठ्या, उंच आयताकृती शिडं, मागे सुकाणूची वल्ही. समुद्रापासून इतक्या आत डोंगरात! त्याच चित्रावरून खिळे न वापरता काथ्यानं फळ्या शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज २०२५ च्या मे महिन्यात भारतीय नौदलात दाखल झालं. जुन्या बांधणीचा एकही आराखडा उपलब्ध नव्हता, म्हणून आयआयटी मद्रासमध्ये पाण्यातल्या चाचण्या कराव्या लागल्या. चौकोनी शिड, सुकाणूऐवजी वल्ही, शिवलेला सांगाडा. तुमच्या संशोधनाचं निम्मं काम तिथे करून ठेवलेलं आहे. चौकशी तरी करा.

लाटांबद्दल थोडक्यात. लाट उठायला वाऱ्याला पाण्यावरून लांबवर धावायला जागा लागते. नाथसागराचा पसारा पैठणच्या धरणापासून पश्चिमेकडे पसरलाय. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सगळ्या जलाशयावरून धावत येतो आणि लाटा थेट धरणाच्या दगडी अस्तरावर आदळतात. तोच वारा पलीकडच्या काठाला, जिथून तो पाण्यावर उतरतो तिथे, जेमतेम तरंग उठवतो. तुमच्या खाडीतही असंच व्हायला हवं. बेटाच्या आडोशाला पाणी शांत, वारा दुबळा. बाहेर आलात की दोन्ही एकदम अंगावर. लाटा एकीकडे आणि वारा भलतीकडे असं करू नका, निदान कारणाशिवाय.

आता तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. लोकांना मजा हवी, वाट बघणं नको. २००२ च्या ‘विंड वेकर’मध्ये छडी फिरवून वाऱ्याची दिशा बदलावी लागायची; २०१३ च्या नव्या आवृत्तीत असं शीड दिलं की वारा सदा पाठीशीच. लोक खूश झाले. बरोबर. पण तिथे कंटाळा वाऱ्याचा नव्हता, मधल्या रिकाम्या समुद्राचा होता. उलट १९८७ चा ‘पायरेट्स!’ बघा. आजच्या घड्याळातही मावेल एवढ्या स्मृतीच्या संगणकावर त्यांनी कॅरिबियनचा पूर्वेकडून वाहणारा वारा ठेवला होता. पश्चिमेला जाताना सुखाचं, परतताना जिवाची घालमेल. लोक तरीही खेळले आणि अजून त्याची आठवण काढतात. वाट बघण्यात काही ठरवायचं असेल तर ती वाट बघणं नसते.

प्रत्येक दोर हातानं ओढायला लावा असं मी म्हणत नाही. २०२१ पासून ‘सेलविंड’ नावाचा गेम आहे, त्यात दोर न् दोर आपणच सांभाळायचा. मला आवडतो, माझ्या भाच्यानं पाव तासात माझ्या हातात परत दिला. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आपल्या गेममध्ये दोर तांडेलाकडे द्या. खेळणाऱ्यानं सांगायचं, ‘त्या बेटाकडे घ्या’, आणि तांडेल वळणं घेत जहाज चढवेल. चांगला तांडेल असेल तर कमी वळणांत, नवशिका असेल तर वळताना वेग घालवेल. त्रिकोणी शिडाच्या जहाजात वळण म्हणजे चेष्टा नव्हे. लांबलचक आडवं दांडकं डोलकाठीच्या पलीकडे न्यावं लागतं, म्हणून बरेच जण वाऱ्याला तोंड न देता पाठ देऊन मोठा फेरा घेत. त्या फेऱ्यात जहाज वाऱ्याकडे चढून कमावलेलं अंतर गमावतं, आणि शत्रू त्याच घटकेची वाट बघत असतो. ज्याला हौस आहे त्यानं दोर स्वतः घ्यावेत, ज्याला नाही त्यानं माणूस नेमावा. वारा मात्र दोघांना एकच.

खर्चाचंही कारण सांगू नका. आमच्या पोरांच्या हातात स्वस्तातले मोबाइल आहेत, हे लक्षात ठेवून सांगतो. वाऱ्याशी होणारा कोन शून्य ते १८० अंश, पाच-पाच अंशांनी, म्हणजे ३७ ओळी. वाऱ्याच्या वेगाचे आठ टप्पे. एका जहाजाचा सगळा स्वभाव २९६ आकड्यांच्या तक्त्यात बसतो. मधले आकडे गणितानं काढायचे. आडवं सरकण्यासाठी असाच दुसरा छोटा तक्ता. तुमच्या पाण्यावरची एक चमक काढायला फोन याच्या कितीतरी पट राबतो. गुराबीचा तक्ता वेगळा, गलबताचा वेगळा, परक्या चौकोनी शिडाच्या जहाजाचा वेगळा. हे तीन तक्ते नीट बसवले की खांदेरीची लढाई तुम्हाला लिहावी लागणार नाही, ती आपली आपण घडेल.

तयार होत आलं की चाचणीसाठी आमच्याकडे पाठवा. इथे अकरावी-बारावीची पोरं आहेत, त्यांना चुका शोधायचाच क्लास लावलेला आहे. मी स्वतः पहिलं काय करणार तेही सांगून ठेवतो. गुराब घेईन, वल्ही आत घेईन, सगळी शिडं उभारून नाळ थेट वाऱ्याच्या तोंडाला धरीन. जहाज थांबलं, शीड फडफडलं आणि हळूहळू मागे ढकललं जायला लागलं, तर त्याच रात्री पूर्ण किंमत मोजून विकत घेईन. पुढे सरकलं तर पैसे परत मागेन, आणि कारणाच्या रकान्यात हे पत्र जोडीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लातूरचा एक भौतिकशास्त्राचा मास्तर